पर्शियन मांजर : लांब केस, चपटे नाक आणि वैरागचा उन्हाळा

पर्शियन ही लांब केसांच्या मांजरांची जगातली सर्वांत ओळखीची जात. मोठे गोल डोके, लहान कान, टपोरे डोळे, आखूड नाक, बुटके भरीव पाय आणि अंगभर मऊ, दाट केस अशी तिची ठेवण असते. वजन साधारण तीन ते साडेपाच किलो, आयुष्य बारा ते पंधरा वर्षांचे. स्वभावाने ती शांत, घरात राहणारी, फार उड्या न मारणारी. गावातले मांजर दिवसभर कौलांवरून आणि धान्याच्या पोत्यांमागून फिरत असते. पर्शियन एका जागी तासन्‌तास बसून राहते. म्हणूनच फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना ती आवडली आणि मुंबई-पुण्यात रुळली. आता तालुक्याच्या आणि बाजारपेठेच्या गावांतूनही तिची चौकशी होते.

सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शी तालुक्यातले वैराग हे असेच एक गाव. बार्शी-सोलापूर रस्त्यावरचे, कोरडवाहू शेतीच्या पट्ट्यातले. एप्रिल-मे महिन्यांत इथे पारा चाळिशी गाठतो, काही दिवस बेचाळीस-त्रेचाळीसच्या घरात जातो. अशा हवेत लांब केसांचे आणि बसक्या नाकाचे जनावर पाळायचे, तर ही जात घडली कशी आणि तिच्या शरीराला काय झेपते, हे पिल्लू आणण्याआधीच माहीत असलेले बरे.

जातिवंत म्हणजे काय

सोलापूरच्या माणसाला 'जातिवंत' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. खिलार बैल, पंढरपुरी म्हैस आणि शेजारच्या धाराशिवची उस्मानाबादी शेळी या जाती इथल्याच. खिलार कमी चाऱ्यावर टिकतो आणि चालीला चपळ असतो, पंढरपुरी म्हैस कोरड्या हवेत दूध देते, उस्मानाबादी शेळी बहुधा जुळी करडे देते आणि दुष्काळातही तग धरते. या जाती कामातून आणि हवेतून घडल्या. जे जनावर टिकले नाही त्याची पैदास पुढे गेली नाही.

पर्शियन मांजराची गोष्ट वेगळी आहे. तिची निवड झाली ती दिसण्यावर. उंदीर किती धरते, ऊन किती सोसते, हे कोणी पाहिले नाही. प्रदर्शनातल्या परीक्षकांनी केस, डोक्याची गोलाई आणि नाकाची लांबी पाहिली, आणि त्यांना जे आवडले त्याची पिल्ले पुढच्या पिढीत वाढली. शंभर-सव्वाशे वर्षांत या निवडीने मांजराच्या कवटीचा आकार बदलून टाकला.

इराणातून निघालेली, लंडनमध्ये घडलेली

पिएत्रो देला व्हाले हा रोमचा प्रवासी १६१७ ते १६२२ या काळात इराणात होता. खोरासान प्रांतातली करड्या रंगाची, रेशमी लांब केसांची मांजरे त्याने पाहिली आणि त्यांच्याविषयी पत्रांतून लिहिले. काही जोड्या इटलीला न्यायचा त्याचा बेत होता. पोर्तुगीजांनी अशी मांजरे इराणातून हिंदुस्थानात नेल्याचाही उल्लेख त्याच्या लिखाणाच्या आधारे नंतरच्या ग्रंथांत येतो. देला व्हाले स्वतः १६२३ मध्ये सुरतेला उतरला आणि चौल, गोवा असा फिरला. म्हणजे लांब केसांच्या मांजराचे नाव कोकण किनाऱ्याला तेव्हापासून अपरिचित नसावे.

त्याच सुमारास तुर्कस्तानातल्या अंगोरा, म्हणजे आजच्या अंकारा, भागातूनही लांब केसांची मांजरे फ्रान्सला गेली. पुढची दोन शतके युरोपात 'अंगोरा' आणि 'पर्शियन' यांत फारसा भेद कोणी करत नव्हते. दोन्हींचा संकर होत राहिला आणि त्यात युरोपातली गावठी मांजरेही मिसळली.

१३ जुलै १८७१ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वेअर याने मांजरांचे मोठे प्रदर्शन भरवले. मांजरांच्या जाती, त्यांची मानके आणि बक्षिसे हा प्रकार खऱ्या अर्थाने तिथून रुळला. व्हिक्टोरिया राणीच्या काळात निळसर करड्या पर्शियनांची हौस श्रीमंत घरांत पसरली. परिचारिकांच्या व्यवसायाचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या घरीही बरीच पर्शियन मांजरे होती आणि त्यांतल्या एकाचे नाव बिस्मार्क होते.

या इतिहासाचा माग अलीकडे जनुकांतूनही लागला. वेगवेगळ्या जातींची जनुकीय तुलना २००८ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा आजची पर्शियन मांजरे इराणच्या आसपासच्या मांजरांपेक्षा पश्चिम युरोपातल्या मांजरांच्या जास्त जवळची निघाली. नाव इराणचे, रक्त बहुतांशी युरोपचे. तिचीच एक बहीण 'हिमालयन' म्हणून ओळखली जाते: अंग फिकट, तोंड-कान-पाय-शेपूट गडद आणि डोळे निळे. सयामी मांजराशी संकर करून ती पाश्चात्त्य देशांत तयार झाली आणि १९५७ साली अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. हिमालयाशी तिचा काही संबंध नाही. त्याच रंगाच्या ठेवणीच्या सशाला 'हिमालयन' म्हणत, तेच नाव मांजराला चिकटले. विक्रेता जेव्हा "हिमालयन आहे, थंडीची जात आहे" असे सांगतो, तेव्हा एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

डॉल फेस, सेमी पंच, एक्स्ट्रीम पंच

भारतातल्या बाजारात पर्शियनचा भाव चेहऱ्यावर ठरतो, आणि त्यासाठी विक्रेत्यांचे तीन शब्द आहेत.

'डॉल फेस' म्हणजे बाहुलीसारखा चेहरा. यात नाक आखूड असले तरी बाजूने पाहिल्यावर स्पष्ट पुढे आलेले दिसते. शंभर वर्षांपूर्वीची पर्शियन मांजरे साधारण अशीच होती. 'सेमी पंच'मध्ये नाक आणखी आत जाते. 'एक्स्ट्रीम पंच'मध्ये ते दोन डोळ्यांच्या मधोमध येऊन बसते, बाजूने पाहिले तर कपाळ, नाक आणि हनुवटी जवळजवळ एका रेषेत दिसतात. ठोसा मारून चेहरा आत दाबावा तसा, म्हणून 'पंच'. नाव ठेवणाऱ्याने खोटे काही सांगितलेले नाही.

एक्स्ट्रीम पंचला सर्वांत जास्त भाव मिळतो, आणि सर्वांत जास्त हाल त्याच मांजराचे होतात. कवटीचे हाड आखूड झाले तरी आतले मांस, कातडी, दात आणि जीभ त्या प्रमाणात आखूड होत नाहीत. सगळे कमी जागेत कोंबले जाते. नाकपुड्या अरुंद होतात, श्वास घेताना घरघर येते, झोपेत घोरणे ऐकू येते. घोरणारे मांजर गोड वाटते, त्याचे व्हिडिओ काढले जातात. तो आवाज अडलेल्या श्वासाचा असतो. डोळ्यांतून नाकात जाणारी अश्रूंची नळी वाकडी होते, त्यामुळे पाणी सतत गालावर ओघळते आणि तिथे तपकिरी डाग पडतात. डोळे खोबणीतून पुढे आलेले असल्याने बुबुळाला लवकर इजा होते. दात वेडेवाकडे येतात, वरचा आणि खालचा जबडा जुळत नाही, कोरडे दाणे उचलता येत नाहीत. पिल्लांचे डोके मोठे असल्याने बाळंतपण अडण्याची शक्यताही वाढते. अतिचपट्या पर्शियनांच्या कवटीचे स्कॅन करून पाहिले, तेव्हा काहींच्या मेंदूच्या पोकळ्या फुगलेल्या, म्हणजे त्यांत पाणी साचलेले आढळले.

त्यामुळे पर्शियन पाळायचीच असेल तर लांब नाकाची, डॉल फेस निवडावी. सोलापूर जिल्ह्याच्या हवेत हा आवडीनिवडीचा प्रश्न राहत नाही.

उन्हाळा

मांजर मुळात वाळवंटाच्या कडेचा प्राणी आहे. पाळीव मांजराचा पूर्वज आफ्रिका आणि पश्चिम आशियातले रानमांजर. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात माणूस धान्य साठवू लागला, उंदीर आले, उंदरांमागून ते आले. म्हणून वैरागच्या कोणत्याही आळीतले साधे मांजर मे महिना निभावून नेते. आखूड केस, लांब नाक, सडसडीत अंग ही त्याची तयारी. सावली कुठे आहे आणि कोणत्या रांजणाखालची ओल गार आहे, हेही त्याला ठाऊक असते.

मांजराला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. घामाच्या ग्रंथी असतात त्या मुख्यतः तळव्यांच्या गादीत. अंग चाटून ओले करणे आणि ती लाळ वाऱ्यावर सुकू देणे हा त्याचा एक उपाय. दुसरा उपाय नाक. नाकाच्या आत पातळ हाडांच्या गुंडाळ्या असतात आणि त्यांवर ओलसर अस्तर असते. श्वास त्यावरून जाताना पाण्याची वाफ होते आणि रक्त थंड होते. पर्शियनचे दाट केस पहिला उपाय अडवतात, कारण लाळ कातडीपर्यंत पोचत नाही. आखूड नाक दुसरा उपाय कमी करते, कारण अस्तरालाच जागा उरत नाही. दोन्ही खिडक्या अर्धवट बंद असलेल्या खोलीसारखी तिची गत होते.

मांजराचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. बाहेरची हवा त्याहून गरम झाली की अंगातली उष्णता आपोआप बाहेर जाणे थांबते. वैरागला एप्रिल-मेच्या दुपारी बाहेरची हवा बहुतेक रोजच तिथवर जाते.

इथे घर कसे आहे याला महत्त्व येते. सोलापूर-धाराशिव भागातली जुनी माळवदाची घरे, जाड दगडमातीच्या भिंती आणि लाकडावर मातीचा थर दिलेले सपाट छत असलेली, दुपारी बाहेरच्यापेक्षा बरीच गार राहतात. पत्र्याचे छत असलेल्या खोलीत दुपारी माणसालाही बसवत नाही; तिथे पर्शियन ठेवू नये. सिमेंटच्या स्लॅबचे घर असेल तर वरच्या मजल्यापेक्षा तळमजल्याची खोली बरी. शहाबादी फरशीवर मांजर स्वतःहून पोट टेकून पडते, तिथे चटई किंवा गालिचा घालू नये. हवा कोरडी असल्याने पाण्याचा कूलर सोलापूरकडे चांगले काम करतो, मात्र खोलीत हवा खेळती हवी, म्हणून खिडकीला भक्कम जाळी लागते. पावसाळ्यात हवा दमट झाली की त्याच कूलरचा उपयोग राहत नाही आणि केसांतही ओल धरते. वीज गेल्यावर काय करायचे, हे आधीच ठरवलेले असावे. दाराला ओले पोते, पाण्याची उथळ परात आणि घरातला सर्वांत अंधारा कोपरा यांवर दोन-तीन तास निघतात.

कुत्र्याने तोंड उघडून धापा टाकणे नेहमीचे असते, मांजराने टाकणे नेहमीचे नसते. पर्शियन तोंड उघडून श्वास घेऊ लागली, लाळ गळू लागली, हिरड्या लालभडक दिसू लागल्या, चालताना झोक जाऊ लागला, तर तो उष्माघात धरून चालावे. तिला लगेच गार जागी न्यावे, साध्या पाण्याने पोट, पाय आणि काखा कातडीपर्यंत भिजवाव्यात, पंखा लावावा. बर्फ किंवा फ्रिजचे पाणी ओतू नये. त्याने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि आतली उष्णता आतच कोंडते. बेशुद्ध जनावराच्या तोंडात पाणी ओतू नये. थोडी सावध झाली तरी डॉक्टरांना दाखवावेच, कारण मूत्रपिंडाला झालेली इजा दोन-तीन दिवसांनी वर येते.

उन्हाळ्यात केस पूर्ण भादरावेत का, असे हमखास विचारले जाते. कातडीपर्यंत भादरलेले मांजर उन्हाने भाजते, आणि घरच्या मशिनने पातळ कातडी सहज कापली जाते. पोटावरचे आणि शेपटीखालचे केस आखूड ठेवणे, बाकीचे जाणत्या माणसाकडून थोडे कमी करून घेणे आणि रोज विंचरून मेलेले केस काढणे यांतून बराच फरक पडतो.

मांजर आणण्याचा महिनाही पाहावा. मोठ्या शहरातून पिल्लू गाडीने येणार असेल तर मार्च ते मे टाळावे. आणायचेच झाले तर रात्रीचा प्रवास करावा. बंद पेटीत, गाडीच्या डिकीत ठेवलेले पिल्लू पोचेपर्यंत जिवंत राहीलच असे नाही.

केस

पर्शियनला दोन थरांचे केस असतात. आत लोकरीसारखा मऊ थर, वर लांब राखी केस. वरचे केस चार-पाच इंचांपर्यंत वाढतात. आतल्या थरातले सुटलेले केस बाहेर पडत नाहीत, ते तिथेच अडकून त्यांची जट होते. कानांमागे, काखेत, मांड्यांच्या आत आणि पोटाखाली ती आधी धरते. जट ओढली की कातडी ओढली जाते, खाली ओल साचते, जखम होते, उन्हाळ्यात तिथे किडेही पडतात. कात्रीने जट कापायला जाऊ नये. कातडी जटेबरोबर वर येते आणि तीच कापली जाते.

रोज दहा-पंधरा मिनिटे स्टीलच्या कंगव्याने विंचरणे हा या जातीचा न चुकणारा खर्च आहे. पैशाचा खर्च त्यामानाने सोपा, हा वेळेचा आहे. पेरणीच्या किंवा काढणीच्या दिवसांत घरातले सगळे शेतात असतील तर हे काम कोण करणार, ते आधी ठरवावे. शिवाय वैरागच्या आसपास माळावर कुसळे आणि गोखरू भरपूर. केस असे असलेले मांजर एकदा बांधावर फिरून आले की अर्धा दिवस त्याचे अंग निवडण्यात जातो, आणि कुसळ कातडीत किंवा डोळ्यात घुसले तर डॉक्टर गाठावा लागतो. पर्शियनला बाहेर मोकळे सोडू नये, याचे हे एक कारण. बाकीची कारणे म्हणजे कुत्री, रस्त्यावरच्या गाड्या आणि शेतात उंदरांसाठी ठेवलेले विष. झिंक फॉस्फाइड किंवा ब्रोमाडायोलोन खाऊन मेलेला उंदीर मांजराने खाल्ला की विष त्यालाही लागते.

डोळ्यांचे कोपरे रोज कोमट पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापसाने पुसावेत, प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा घ्यावा. आंघोळ महिन्या-दीड महिन्यातून एकदा पुरते. नंतर केस मुळापर्यंत वाळवावे लागतात, नाहीतर बुरशी धरते.

ही बुरशी म्हणजेच नायटा किंवा गजकर्ण. लांब केसांच्या मांजरांत, विशेषतः पर्शियनमध्ये, ती जास्त आढळते आणि माणसाला लागते. पिल्लाच्या कानावर किंवा नाकावर गोल टक्कल दिसले तर ते विकत घेऊ नये. "पिल्लांना होतंच, जाईल आपोआप" या उत्तरावर विसंबू नये. घरात लहान मूल असेल तर आधी त्याच्या अंगावर चट्टे उठतात आणि मग मांजराकडे लक्ष जाते.

ॲलर्जीबद्दल एक गैरसमज आहे. मांजराचे केस पोटात किंवा छातीत गेल्याने दमा होतो, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात त्रास देणारे प्रथिन मांजराच्या लाळेत आणि कातडीच्या ग्रंथींत असते. चाटल्यामुळे ते केसांवर लागते आणि हवेत उडते. त्यामुळे आखूड केसांच्या मांजरानेही तेवढाच त्रास होऊ शकतो.

दूध-भाकरी

गावाकडे मांजराला दूध-भाकरी घालतात. गावचे मांजर त्यावर जगते असे दिसते, कारण उरलेले ते उंदीर, पाली आणि पाखरे खाऊन भरून काढते. घरात कोंडलेल्या पर्शियनला ती सोय नाही. मांजर हा पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचा घटक त्याचे शरीर पुरेसा बनवू शकत नाही, तो मांसातूनच मिळावा लागतो. नाही मिळाला तर डोळ्यांचा पडदा खराब होतो आणि हृदय फुगून कमजोर होते. मोठ्या मांजराला बहुधा दूधही पचत नाही, जुलाब होतात, आणि लांब केसांच्या मांजराला जुलाब म्हणजे घरभर काम.

नुसते उकडलेले चिकनही पुरे नाही, त्यात कॅल्शियम नसते. मांजरासाठी बनवलेले संपूर्ण खाद्य मुख्य ठेवून वर थोडे उकडलेले चिकन किंवा मासा, बिनमिठाचा आणि बिनकांद्याचा, अशी पद्धत सोयीची. कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तपेशी फोडतात. ज्या घरात मांस-मासे येत नाहीत त्यांनी हा प्रश्न आधीच मनाशी सोडवावा. मांजराला आपल्या घरच्या वळणावर आणता येत नाही. पाणी आणि खाणे उथळ पसरट ताटलीत द्यावे. खोल वाटीत चपट्या तोंडाच्या मांजराचे नाक आधी बुडते.

मांजर दोन दिवस काही खात नसेल तर "रुसलं असेल" म्हणून सोडू नये. उपाशी राहिलेल्या मांजराच्या, त्यातही लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साचते आणि ते जिवावर बेतते.

वंशातून येणारा मूत्रपिंडाचा आजार

पर्शियनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला एक आजार आहे, पॉलिसिस्टिक किडनी डिसीज, पीकेडी. मूत्रपिंडात जन्मापासून बारीक पाण्याचे फोड असतात, ते वर्षागणिक वाढतात आणि सहा-सात वर्षांच्या आसपास मूत्रपिंड थकायला लागते. तोपर्यंत मांजर ठणठणीत दिसते आणि तिची तीन-चार वेळा पिल्लेही होऊन गेलेली असतात. सदोष जनुक आई किंवा बाप यांपैकी एकाकडून आले तरी आजार होतो, म्हणजे बाधित मांजराच्या साधारण निम्म्या पिल्लांत तो उतरतो. अनेक देशांतल्या जुन्या तपासण्यांत एक-तृतीयांशाहून जास्त पर्शियन मांजरे बाधित निघाली होती. २००४ साली हा जनुकीय दोष नेमका सापडला. तेव्हापासून गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावर कोणत्याही वयात चाचणी करता येते. दहा महिन्यांनंतर सोनोग्राफीतही फोड बहुधा दिसतात. पिल्लू घेताना आईबापांच्या चाचणीचा कागद मागावा. बहुतेक ठिकाणी तो नसतो, पण विक्रेत्याचे उत्तर ऐकून त्याची पारख होते.

लसी नेहमीच्याच: आठव्या आठवड्यापासून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने तीन रोगांची एकत्र लस, आणि तीन महिन्यांनंतर रेबीजची. त्यांतला पॅनल्युकोपेनिया हा रोग पिल्लांना दोन-तीन दिवसांत मारतो. औषधांच्या बाबतीत दोन गोष्टी पाठ असाव्यात. तापाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला विष आहे, एका गोळीने ते मरू शकते. आणि कुत्र्याच्या गोचिडांसाठी मिळणारी परमेथ्रिनची औषधे मांजराला लावायची नाहीत.

पिल्लू, भाव आणि जोडधंदा

लांब केसांचे जनुक सुप्त असते; दोन्ही बाजूंनी आले तरच केस लांब होतात. पर्शियन मांजरी आणि आखूड केसांचा गावठी बोका यांची पिल्ले म्हणून बहुधा आखूड केसांची निघतात. पण ती आपसांत जुळली की दर चारांतले एक पिल्लू लांब केसांचे येऊ शकते. ते पर्शियन म्हणून विकले जाते. केस लांब आहेत एवढ्यावरून पर्शियन ठरत नाही. वंशावळीचा कागद असेल तरच जात सांगता येते, आणि भारतात विकली जाणारी बहुसंख्य पिल्ले कागदाविनाच विकली जातात. खरे तर पाळणाऱ्याचे यात काही बिघडत नाही. मिश्र पिल्लाचे नाक लांब असेल आणि केस मध्यम असतील, तर वैरागच्या हवेला ते शुद्ध पर्शियनपेक्षा उजवे. फक्त त्याला शुद्धाचा भाव देऊ नये.

लहान गावांत पर्शियनची पैदास जोडधंदा म्हणून सुचवली जाते. हिशोब सोपा मांडला जातो: एक मांजरी, वर्षातून दोन वेत, प्रत्येकी तीन-चार पिल्ले, प्रत्येकाचे काही हजार. अडलेल्या बाळंतपणाचे ऑपरेशन, मेलेली पिल्ले, लसी, नायट्याचे उपचार आणि उन्हाळ्यातली वीज या हिशोबात नसते. वर्षातून दोन वेत घेतलेली मांजरी चार-पाच वर्षांत खंगते, आणि मग तिला कोणी ठेवून घेत नाही. रस्त्यावर सोडलेली पर्शियन जगत नाही. आठवड्या-पंधरवड्यात तिच्या अंगाची एकच जट होते. जनावर असे वाऱ्यावर सोडणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. प्राण्यांच्या दुकानांना २०१८ च्या नियमांनुसार नोंदणीही बंधनकारक आहे.

पैदास करायची नसेल तर सहा महिन्यांच्या आसपास नसबंदी करून घ्यावी. चपट्या नाकाच्या मांजराला भूल देणे जोखमीचे असते, म्हणून ते काम अशा मांजरांचा सराव असलेल्या डॉक्टरांकडेच द्यावे. तालुक्याच्या ठिकाणचे सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने मुख्यतः गायी-म्हशी आणि शेळ्यांसाठी चालतात. मांजराची सोनोग्राफी, रक्ततपासणी, डोळ्यांची शस्त्रक्रिया यांसाठी वैरागच्या माणसाला सोलापूर किंवा पुणे गाठावे लागते. आणखी पुढे जायचे तर महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाची शिरवळ, उदगीर, परभणी आणि मुंबईची महाविद्यालये आहेत. पिल्लू आणण्याआधी डॉक्टर ठरवावा, त्याचा फोन नंबर लिहून ठेवावा, आणि मे महिन्यातल्या दुपारी दोन वाजता तिथवर जायला गाडी कुठली, तेही पाहून ठेवावे.